विष्णूदादाने न घेतलेलं नाव

विष्णूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गेवराईत होतो. सकाळी मुलींचा बॉक्सिंगचा सराव घेताना छातीत कळ आली, खाली बसला, तो उठलाच नाही. पहिल्या नऊ दिवसांत गाव त्याच्याविषयी पुष्कळ चांगलं बोललं. सख्खा धाकटा भाऊ म्हणून मीही बोललो... पण जे बोलायला हवं होतं ते सोडून.

आमचं गाव उमापूरजवळ. दादा फौजेत बॉक्सिंग शिकला, गुडघा निकामी झाला म्हणून परत आला. तेव्हा मी गोदावरीची वाळू चोरून विकत होतो. सोपानराव नावाच्या शेतकऱ्याने आपल्या रानातून जाणारा माझा टिपर अडवला. मी दादाला म्हणालो, "नुसता जाऊन हुबा राहा. तुला बघूनच हटंल."

"रिंगच्या बाहेर मी हात उचलत न्हाई," तो म्हणाला.

मी आईची आण घातली, तेव्हा गेला. बांधावर बाचाबाची झाली, सोपानरावांनी त्याची कॉलर धरली आणि दादाचा एकच ठोसा बसला. सोपानराव महिनाभर दवाखान्यात होते.

कोर्टात दादाने सांगितलं, "मी माझ्या मनानं गेलतो. कुणी पाठवलं न्हाई." मी मागच्या बाकावर बसलो होतो. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. तेवढ्या काळात मी टिपर विकला, खताचं दुकान टाकलं, अब्रूदार झालो. तुरुंगात भेटायला गेलो की तो आईची तब्येत विचारायचा, त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नसे. सुटून आल्यावर कापसाच्या जिनिंगच्या बंद शेडमध्ये गावातल्या मुलींना बॉक्सिंग शिकवू लागला. एकदा धीर करून मी विचारलं, "कावून घेतलंस सगळं अंगावर?" हाताची पट्टी सोडवत तो म्हणाला, "ठोसा तर माझाच व्हता ना."

दहाव्याला सोपानराव आले. त्यांच्या शेजारी बसून मी हळूच सांगितलं, की दादाला त्या दिवशी मीच पाठवलं होतं. त्यांनी मान वळवली, दुसरा कान पुढे केला.

"मोठ्यानं बोला. तवापासून ह्या कानानं ऐकू येत न्हाई."

मग मोठ्यानं बोललो. ओसरीवरची सगळी माणसं वळून बघू लागली. "तुमचे भाऊ सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी माफी मागाया माझ्या दारात आलते," सोपानराव म्हणाले. "तुमी लई उशीर केला." आणि उठून गेले.

वहिनी दारात उभ्या होत्या. "भावजी, मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "हे तुमी त्यांच्यादेखत बोलला असता तर..." आणि त्या आत गेल्या.

शेड आता दादाची थोरली मुलगी चालवते. चपला दाराबाहेर, हा त्याचा नियम अजून तसाच आहे. रोज सकाळी मी जातो, चपला काढतो, भिंतीला लागून उभा राहतो. अजून कुणी मला 'बसा' म्हटलेलं नाही.