मागच्या उंबऱ्यावरची रांगोळी

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. तुम्हाला तरी धड सांगेन का—लिहायला बसलोय खरा, पण हात मागे येतो.

मी सोलापुरात हायस्कुलात शास्त्र शिकवतो. काजळी धरलेल्या काचेवर सुईने दोन बारीक रेघा ओढायच्या आणि त्यांतून उजेड सोडायचा. पलीकडे उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. मुलं खूश होतात. परवा एका इंग्रजी मासिकात वाचलं—उजेडाचा एकेक कण सुटा सोडला तरी पट्टे उमटतात म्हणे. पण तो कुठल्या फटीतून गेला, याची नुसती खूण वाटेवर उरली की पट्टे गेले. कुणी पाहायलाही नको. मी मासिक मिटून ठेवलं. मला आमचा उंबरा आठवला.

आमच्या घराला दोन दारं. पुढचं तळ्याच्या रस्त्याला, मागचं विणकरांच्या बोळात. गिरिजा, माझी बायको, अक्कलकोटची. संध्याकाळी मी वह्या तपासत बसलो की आतूनच "येते हं" म्हणायची; कुठल्या दाराने गेली, मला दिसायचं नाही. "जाते" कधीच नाही. घरातून निघताना तसं म्हणू नये. परतली की चुलीपुढे बसून बोलत राहायची—तळ्याकाठचं, बोळातलं, मराठीत कानडी, मध्येच गुणगुणलेलं तेलुगू गाणं. कुठलं कुठून आलं, काही कळायचं नाही. किती सुरेख असायचं ते!

मी विचारायचो, कुठे निघालीस? ती हसायची. "निघताना कुटं म्हणून इचारू नये वो. काम नासतंय." मी तिची टर उडवायचो. शास्त्राचा मास्तर ना मी!

पण ते गाणं तिला शिकवलं कुणी? संशय होता का माझ्या मनात? होता. उठून पाहणं मात्र कमीपणाचं वाटे—म्हणून एके दिवशी मी मागच्या उंबऱ्यावर रांगोळीची पूड पातळ पसरली.

पावलं उमटली. मी बोळात डोकावलो. शेजारच्या ओट्यावर विणकरांच्या बायकांत बसून ती कांड्यांवर सूत भरत होती, त्यांच्याबरोबर तेच तेलुगू गाणं गात होती. एवढंच.

परतल्यावर तिने उंबरा पाहिला. "हितं रांगोळी कुणी सांडली?"

"मीच. मुंग्या फार झाल्यात," मी म्हणालो.

तिने आपल्या पायांचे पांढरे तळवे पाहिले, मग केरसुणी घेतली. तिला कळलं होतं—आणि तिला कळलंय, हे मलाही. मी पुढची वही ओढली. त्यानंतर इतकी वर्षं गेली, मी मुंग्यांवरच अडून आहे.

कुठे निघाली, कुठल्या दाराने, ती आता सगळं सांगते, न विचारता. पण चुलीपुढे गप्प असते. ते गाणं मला अर्धंमुर्धं आठवतं. कधी एकटा असलो की म्हणून पाहतो, जमत नाही. ती समोर, हाताच्या अंतरावर असते, आणि मला तिची आठवण येते.

आत्ता ती दारात उभी आहे. "मागल्या दारानं जाते," म्हणाली.

जाते, म्हणाली.