खिडकीजवळचा बाक

आफ्रिकेतल्या एका सरोवराकाठच्या न्खोटाकोटा गावातल्या शाळेत तियामिके पहिल्यांदा आली, तेव्हा तिने चिसाले बाईंपुढे तिथल्या रीतीप्रमाणे गुडघे टेकले, पण नमस्काराच्या टाळ्या काही वाजवल्या नाहीत.

बाई रागावल्या. "हात झिजतात का गं तुझे?"

"नाही बाई. हा पळेल."

हा म्हणजे लिंबानी, तिचा नऊ वर्षांचा स्वमग्न भाऊ. तो बोलत नसे. टाळी ऐकली की कान दाबून थेट सरोवराकडे धावे. आई दिवसभर किनाऱ्यावर मासळी सुकवी, म्हणून तो वर्गाबाहेर आंब्याखाली बसायचा आणि तियामिके अर्धा डोळा फळ्यावर, दीड डोळा त्याच्यावर ठेवून शिकायची.

आठवीची परीक्षा आली. पास झाली तरच पुढची शाळा. मध्येच वर्गाबाहेर पाऊल टाकलं तर पेपर संपला.

"त्याला मी बघते," बाई म्हणाल्या. "तू मान वळवायची नाही."

"नाही वळवणार." पण तिने खिडकीजवळचा बाक मागून घेतला.

गणिताचा पेपर अर्ध्यावर आला आणि रस्त्याने गावचे मुखिया आले. बाईंचे गुडघे टेकले, पन्नास वर्षांच्या सवयीने हातही वाजले. दुसऱ्या टाळीआधीच लिंबानी पळाला होता.

खिडकीत तियामिके उभी राहिली. पर्यवेक्षक तिच्याकडे निघाले. ओरडलं असतं तर पोरगा आणखी बिथरला असता. बाईंनी हातानेच खूण केली, बस. ती बसली का, हे बघायलाही त्या थांबल्या नाहीत. मुखियांना तसंच सोडून धावत सुटल्या.

लव्हाळ्यापलीकडे तो छातीभर पाण्यात होता आणि पुढेच चालला होता. बाईंना पोहता येत नव्हतं. त्या तशाच शिरल्या, त्याचा दंड पकडला. तो मनगटाला कडकडून चावला. त्यांनी सोडला नाही.

परतल्या तेव्हा खिडकीत तियामिकेचं डोकं खाली वाकलेलं होतं. ती लिहीत होती.

घंटा झाल्यावर तिने आधी भावाची ओली चड्डी चाचपली.

"पाणी कुठवर होतं?"

"छातीपर्यंत," बाईंनी खरं सांगितलं. "चूक माझी."

"दोन गणितं राहिली माझी." बाईंच्या मनगटावरच्या दातांच्या खुणा ती बराच वेळ बघत राहिली. "उद्या इंग्रजी आहे. मुखिया आले तर हातांवर बसा."

पुढचे तीन दिवस बाई हातांवर बसल्या. मास्तरीण माजली, असं गावात झालं.

तियामिके आता दूर डेड्झा शहरात मुलींच्या वसतिगृहात राहून शिकते. माध्यमिकचं दुसरं वर्ष आहे.