नारळावर हात

तापलेल्या वायरीचा वास आला की मला ती जुनी हार्ड डिस्क आठवते. एम.एस्सी.ला असताना इंटरनेटवरची जाहिरात बघून मी ती रत्नागिरीतल्याच एका दुकानदाराकडून स्वस्तात घेतली होती. प्रोजेक्टसाठी दोन पावसाळे सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, हिंडून काढलेले फुलांचे फोटो तिच्यात उतरवले आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरवर जागा नव्हती म्हणून तिथले पुसून टाकले. चौथ्या दिवशी ती टकटक वाजत तापली आणि बंद पडली. मी दुकानात गेलो तर दुकानदार मान वर न करता म्हणाला, "चालू होती, चालूच दिली. इंटरनेटवर बघून घेतलीस ना, मग इंटरनेटवरच भांड." आणि गिऱ्हाइकांकडे बघून हसला, "एम.एस्सी. करतोय म्हणे. मग दुरुस्त कर ना." हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेची पायरीही न चढलेली माझी आई गावाहून आली आणि तिने त्याच्या काउंटरवर नारळ ठेवला. "ह्यावर हात ठेव नि बोल, चालू व्हती म्हनून. मंग आमी जातो." त्याने नारळाकडे पाहिलं, हात खिशात घातला आणि शटर ओढायला उठला. फोटो गेले ते गेलेच. आईचे उपकार मी विसरलो नाही, आणि त्या माणसाला, आता माझे केस पिकले तरी, मी माफ केलेलं नाही.