नव्या घराची बाटली

माझा मामेभाऊ जहाजावर नोकरीला. त्याने बाबांच्या हातात स्कॉच सिंगल माल्टची बाटली ठेवली, तेव्हा आमची विक्रोळीची इमारत पुनर्विकासासाठी नुकतीच रिकामी झाली होती. बारा वर्षं लाकडी पिंपात मुरलेली व्हिस्की. आयुष्यभर रविवारच्या रमच्या क्वार्टरवर भागवलेल्या बाबांनी लगेच जाहीर केलं, ही नव्या घरात उघडायची. बिल्डर तीन वर्षांत चावी देणार होता.

त्याला अकरा वर्षं झाली. घाटकोपर, मुलुंड, परत घाटकोपर, अशी तीन भाड्याची घरं झाली. प्रत्येक घरात बाटली कपाटात, आईच्या साड्यांखाली, आडवी. बाबा दरवर्षी तिचं वय मोजायचे. "आता ती तेवीस वर्सांची झाली." ऑफिसच्या एका पार्टीत आम्हाला माल्ट कशी चाखायची ते शिकवलं होतं, त्यामुळे माझ्या अंगात शहाणपण जरा जास्तच. बाटलीत भरल्यावर व्हिस्की मुरत नाही, हे मी सुरुवातीला त्यांना समजावून पाहिलं. मग सोडून दिलं. त्यांच्या लेखी निदान काहीतरी पुढे सरकत होतं.

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. बिल्डरचं दिवाळं वाजलं होतं. आता नवा बिल्डर शोधायचा, सगळं पहिल्यापासून. बाबा घरी आले, चपला काढल्या, कपाट उघडलं आणि बाटली माझ्यासमोर ठेवली. त्यांचं वय एक्याऐंशी.

"बाबा, नव्या घरात उघडायची ना?"

"माका घर मिळाचा नाय आता. उघड."

मी बाटली हातात घेतली.

आडव्या बाटलीत बूच भिजून भिजून कुजलं होतं. फिरवल्याबरोबर हातात भुगा आला. शेवटी चहाच्या गाळणीतून ओतली. शिकवल्याप्रमाणे मी ग्लास फिरवला, पाण्याचे दोन थेंब टाकले, नाक आत घातलं. आधी मध, मग संत्र्याच्या सुकलेल्या सालीचा वास, आणि लगेच ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. तोंडात तर नुसती मिळमिळीत. एवढ्या उंची दारूची आम्ही पार वाट लावली होती.

"नुसतो हुंगतस काय? कशी आसा?"

"झकास," मी म्हटलं.

बाबांनी डोळे मिटून घोट बराच वेळ तोंडात धरला. "तेवीस वर्सां कळतत हां," म्हणाले. मला त्या बिल्डरचा, बुचाचा आणि स्वतःचा इतका राग आला की ग्लास भिंतीवर फेकावासा वाटला. भिंत घरमालकाची होती.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. उघडी बाटली बघून दारातच थांबली. ही बाई जन्मात दारूला शिवली नव्हती, बाबांचा ग्लाससुद्धा कधी विसळायची नाही. ती आमच्याजवळ येऊन बसली आणि चहाचा कप पुढे केला.

"माका पण घाल थोडी."

मी घातली. तोंड जराही वाकडं न करता ती प्यायली.

नव्या घरात देवघर कुठल्या कोपऱ्यात ठेवायचं, हे ती अकरा वर्षं रोज सांगायची. त्या रविवारनंतर तिने तो विषय काढलेला नाही.