तगर, एक चमचा

माझी बायको विसरभोळी नव्हती. हे मी फार पूर्वी सांगायला हवं होतं.

तिला झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली होती. तरी ती तळमळायची. मी ठाकूरद्वारच्या काष्ठौषधींच्या दुकानातून तगराच्या मुळीची पूड आणली. जीव शांत व्हावा म्हणून आमच्या आईच्या काळापासून घरात तगर देत आले होते. पुडी उघडताच वासाने नाक मुरडून बायको म्हणाली, "अहो, कुणाचे मोजे कुटून आणलेत?" तरी माझ्या शब्दाखातर तिने एक चमचा दुधातून घ्यायला सुरुवात केली. गोळी चालूच होती.

चौथ्या दिवशी सकाळी ती मोरीच्या दारात कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या झोपेच्या गोळीशिवाय दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेतात का?" मी नाही म्हटलं. खोटं बोलतोय असं वाटलंही नाही. गोळी ती गोळी. मुळीला कोण औषध म्हणतं?

मुलीने निकाल लावून टाकला. "आई, तू चुकून दोन गोळ्या घेतल्यास."

"नाही गं, एकच." मग दोन दिवसांनी, "घेतल्या असतील बाई. डोकं कुठे ठिकाणावर आहे माझं."

जिला अख्ख्या चाळीचे फोन नंबर पाठ, ती दारात उभी राहून मला विचारू लागली, कडी लावली ना मी?

काही महिन्यांनी गुडघ्यासाठी मी फणसवाडीतल्या वैद्यांकडे गेलो. बोलता बोलता तगराचा विषय निघाला. ते म्हणाले, "तगर वाईट नाही. पण झोपेच्या गोळीबरोबर देऊ नये. दोन्हींनी गुंगी वाढते, म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. त्यानेच पडल्या असं छातीठोकपणे नाही सांगता येणार, पण डॉक्टरांना सांगितलं होतंत ना?"

घरी आलो. ती मेथी निवडत बसली होती.

"काय म्हणाले वैद्य?"

"तेल लावायला सांगितलंय."

त्यानंतर ती दोन वर्षं होती. रोज सांगता आलं असतं. कधी तिला त्रास नको म्हणून, कधी मुलगी काय म्हणेल म्हणून गप्प राहिलो. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

गेल्या रविवारी मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई दोन-दोन गोळ्या घेते, असं मी मावशीलाही सांगितलं होतं. तिला तुम्ही सांगा, बाबा. आत्ता."

मी फोन लावला. सगळं ऐकून मेहुणी म्हणाली, "ताई मला शपथेवर सांगत होती हो, एकच घेतली म्हणून. मी हसले होते."