माणूस हलतो

पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही डिजिटल कॅमेऱ्याची चिप बनवत होतो, तेव्हा तिला एका वेळी एकच उभी रेघ दिसायची. चिप जराशी सरकवायची, पुढची रेघ घ्यायची, आणि सगळ्या रेघा जोडल्या की चित्र. समोर कायम काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पुठ्ठा. एखादा चेहरा घेऊन बघू या, म्हटलं की साहेब म्हणायचे, "माणूस हलतो." मला भयंकर राग यायचा. जन्मभर काय पुठ्ठेच बघायचे?

तपासणीत नापास झालेली एक चिप मी जपून ठेवली होती. यंदा परदेशी, हिल्सबरोला लेकाकडे येताना ती बरोबर आणली. त्याने तिला लेन्स, मोटर आणि लॅपटॉप जोडून दिला. मला एकच हवं होतं, माझ्या चिपवर एक माणूस. आणि मिळाला कोण, तर आमचे हे! पायाला भिंगरी लागलेले.

यांना मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाशेजारी खुर्चीत बसवलं. नात आणि मी यंत्र घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत.

"आजोबा, डोन्ट मूव्ह, ओके?" नातीने दम दिला.

मोटर कुरकुरत निघाली. लॅपटॉपवर रेघेरेघेने झाड उगवायला लागलं आणि मला इतका आनंद झाला, की नाचावंसं वाटलं. तेवढ्यात पावसाचे चार थेंब पडले. "अगं, कपडे!" म्हणत हे दोरीकडे पळाले.

चिपला काय त्याचं! ती सरकतच राहिली. चित्रात झाड आलं, मग रिकामी खुर्ची.

"स्वीट ॲज! आजोबा गॉन!" नात खदखदून हसली. स्वीट ॲज म्हणजे इथल्या पोरांचं 'झकास'. मीही हसायला गेले, पण चित्रातली ती खुर्ची बघून आधी हे बाहेर दिसतात का, ते खिडकीतून पाहिलं.

"अहो, राहू देत ते कपडे. आधी इथे बसा."

माझा आवाज ऐकून यांनी वळून पाहिलं. ओला टॉवेल मांडीवर घेऊन निमूट बसले.

मोटर पुन्हा लावली, आणि या वेळी हे चित्रात आले. चिपचा एक ठिपका बाद, म्हणून नाकावरून आडवी काळी पट्टी. कान जरा वाकडा. पण हेच! मी टाळ्या पिटल्या, नातीचे पटापट मुके घेतले.

मग बाहेर पाहिलं. मोटर केव्हाच थांबली होती, आणि हे अजून तसेच बसले होते, पापणीही न लववता. मला ते बघवेना.

"अहो, झालं!" मी खिडकीतून ओरडले. "हला आता, हला!"