घाटात मुक्ताचे गाणे

स्नेहीजनहो, निमगाव सावाच्या यात्रेहून नुकताच परतलो आहे. लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझी नात मुक्ता पुण्यात रॉक गाते. गीते तीच लिहिते, चालीही तीच लावते. तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा सुदाम, बैलगाडा शर्यतींचा निवेदक आहे. तिने नोकरी सोडून गिटार हाती घेतली, तेव्हापासून "ह्यो निस्ता कालवा हाय" यापलीकडे त्याने तिच्या गाण्याविषयी शब्द काढला नव्हता.

आज शर्यतीच्या मधल्या वेळात यात्रा समितीने तिला घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवर, बोलावले. एक पंच म्हणाले, "एकच म्हण हां पोरी, फुडचा गाडा जुपायला घेतलाय."

यात्रांच्या हंगामात घसा बसवून घरी येणाऱ्या बापावर तिने गीत रचले होते. ते संपले. आमच्या घाटात टाळ्यांची रीत नाही. गाडा उत्तम धावला की निवेदक आरोळी देतो, मगच लोक उपरणी उडवतात. सर्वांनी सुदामकडे पाहिले. मुक्तानेही पाहिले.

त्याने घसा खाकरला, माईक तोंडाशी नेला आणि "भिर्रर्र" अशी लांबलचक आरोळी दिली. घाटभर उपरणी उडाली.

शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, "आबा, नात लई पळली की राव."

समस्त ग्रामस्थांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे. आत्ता स्वयंपाकघरात मुक्ता बापासाठी हळदीचे दूध तापवते आहे.

आपल्या कामाला घरातून पहिली दाद कोणी दिली? अवश्य लिहावे.